दाढेतून गेलेली सिंफनी

माझा स्वभाव मत्सरी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या हकीगतीवरून काही लोकांचा तसा समज झालेला आहे आणि त्या लोकांत आमची ही पहिली आहे. शेजाऱ्याची गाडी मोठी असली तर मला काही वाटत नाही. मेहुण्याला बढती मिळाली तेव्हा मी स्वतः फोन करून अभिनंदन केलं, तेसुद्धा दुसऱ्याच आठवड्यात. पण प्रत्येक माणसाचं म्हणून एक छोटंसं संस्थान असतं. कुणाचं बुद्धिबळ, कुणाचे कुंड्यांतले गुलाब. माझं संस्थान म्हणजे सिंफनी.

आमच्या इमारतीत सिंफनी हा शब्द माझ्या परवानगीशिवाय कुणी उच्चारत नसे. खरं सांगायचं तर परवानगीनेही कुणी उच्चारत नसे. त्यामुळेच त्या संस्थानात शांतता होती. दर रविवारी सकाळी मी टेपरेकॉर्डर पुसायचा, कॅसेट घालायची आणि जगातली ती सर्वांत प्रसिद्ध सिंफनी लावायची. तीच ती, जिची सुरुवात ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ठाऊक असते. दुसरी कुठली मी ऐकत नसे. फोनवर म्हणे आता एकेका सिंफनीचे शंभर-शंभर प्रकार ऐकायला मिळतात. मिळोत. माणसाने निष्ठा एका ठिकाणी ठेवावी. पहिल्या मजल्यावरच्या काकू माझ्या खिडकीखालची त्यांची खिडकी धाडकन लावून घेत. वरून कोणीतरी काहीतरी आपटे. पण अज्ञानी प्रजेवर राजाने रागवायचं नसतं.

एकच गोष्ट मनाला लागून राहिलेली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ही एकदाही माझ्या शेजारी येऊन बसली नाही. निदान "अहो, हे काय वाजतंय?" एवढं तरी विचारावं! तिने विचारलं ते एवढंच, "अहो, हे संपलं की गव्हल्याला फोन करताय ना?" गव्हला म्हणजे आमचा नळदुरुस्तीवाला. दर रविवारी आमचा एक तरी नळ गळत असे, हे माझं दुर्दैव.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर राहायला आला.

माणूस चाळिशीचा, डोक्यावर केस भरपूर, बोलणं मऊ. दवाखाना कोपऱ्यावर. हिची दाढ दुखत होती म्हणून ही गेली. एका तासात येते म्हणून गेलेली बाई दोन तासांनी आली ती गाल सुजवून आणि चेहऱ्यावर चक्क आनंद घेऊन. दाढ काढून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला की घरच्यांनी सावध व्हावं.

"अहो," ही सुजलेल्या तोंडाने म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे? ती तुमची रविवारची कटकट आहे ना, तिच्यात तेच चार ठोके सगळीकडे लपवून ठेवलेत! तीन बारीक, एक लांब. डॉक्टरांनी दाखवलं. एकदा सापडले की मग सगळीकडे सापडतात."

"दाखवलं म्हणजे? कसं दाखवलं?"

"तो आरसा असतो ना त्यांचा, बारीक दांडीचा? त्याने दाढेवर वाजवून. टक टक टक, टाऽक. भूल दिलेली होती, दुखलं नाही."

मी खुर्चीत बसलो. बावीस वर्षांत जे मला हिच्या कानातून आत घालता आलं नाही, ते या गृहस्थाने दाढेतून घातलं होतं.

"आणि तिसरा भाग संपून चौथा सुरू होतो तिथे संगीत थांबतच नाही म्हणे. अंधाऱ्या बोळातून चाचपडत जावं आणि एकदम उन्हात यावं तसं होतं. तुम्हाला होतं का हो ठाऊक?"

"बावीस वर्षांपासून!" मी ओरडलो.

"मग कधी सांगितलं नाहीत ते," ही म्हणाली आणि बर्फ शोधायला स्वयंपाकघरात गेली. तिथून ओट्यावर चमच्याने वाजवल्याचा आवाज आला. तीन बारीक, एक लांब.

पुढच्या पंधरवड्यात इमारतीला साथ लागावी तसं झालं. दवाखान्यात या डॉक्टरची ती सिंफनी चालू असायची आणि तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला मध्येच बोलता येत नाही, याचा तो पुरेपूर फायदा घेत असे. मग त्याने 'पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी' म्हणून शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी बैठक सुरू केली. लोक सतरंजीवर बसत. तो थोडंसं वाजवी, थांबवी, विचारी, "आता कोण भांडतंय?" कोणी म्हणे बासऱ्या, कोणी म्हणे व्हायोलिनं. तो प्रत्येकाला म्हणे, "बरोबर!" सगळ्यांची उत्तरं बरोबर असतील तर ते शिक्षण कसलं? जिना चढताना लोक कठड्यावर चार ठोके वाजवू लागले. खिडकी लावणाऱ्या काकू मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "तुम्हीही यायला पाहिजे हो एकदा डॉक्टरांकडे. अगदी नवख्यालासुद्धा कळतं."

नवख्याला!

त्यातच बातमी आली की शहराच्या नाट्यगृहात बाहेरचा मोठा वाद्यवृंद येणार आणि रविवारी दुपारी तीच सिंफनी वाजवणार. डॉक्टरने अख्खी एक रांग राखून ठेवली. ही म्हणाली, "माझं तिकीट त्यांनी काढलंय. तुम्हाला विचारणार होते, पण मीच म्हटलं, तुम्हाला गर्दी आवडत नाही."

त्या दिवशी कचेरीत माझं लक्ष लागलं नाही. मी वजनमाप खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, काटा जरा जरी इकडेतिकडे असला तरी शिक्का मारायचा नाही, हे माझं काम. लोक मला चळाचळा कापतात. असा मी, आणि माझ्याच घरात एक दंतवैद्य खोटं माप घालून गिऱ्हाईक पळवतो आहे! जेवणाच्या सुट्टीत मी हाताखालच्या तिघांना सगळं सांगितलं. त्यांनी एकमुखाने माझी बाजू घेतली. त्या तिघांचेही रजेचे अर्ज माझ्या टेबलावर होते, पण त्याचा इथे संबंध नाही. मी ठरवलं, कार्यक्रमाआधी सिंफनीची खरीखुरी, शास्त्रशुद्ध ओळख आपण करून द्यायची. इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. सगळ्यांसाठी. हिच्यासाठी असं मी म्हणालो नाही.

इमारतीचे सचिव हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांना कुठलीही गोष्ट सांगा, त्यांना तिचा नियम पाठ असतो.

"हॉल कशासाठी पाहिजे? सभा की कार्यक्रम?"

"सिंफनीची ओळख."

"वाजवणार?"

"अर्थात."

"मग कार्यक्रम. कार्यक्रमाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा. या वर्षीची झाली."

"मग सभा म्हणा."

"सभेत वाद्य चालत नाही. मागे एकाने निरोपसमारंभ म्हणून हॉल घेतला आणि ड्रम आणला. तेव्हापासून नियम आहे."

"अहो, पण डॉक्टर दर शनिवारी वाजवतात!"

"घरात वाजवतात. घरात तुम्ही हत्ती आणा. तुम्हीही घरात करा ना."

घरात करणं शक्य नव्हतं. घरात ही होती. शिवाय डॉक्टरची नक्कल केली असं झालं असतं. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर तोडगा निघाला: विषय संगीत ठेवायला हरकत नाही, मात्र संगीत वाजवायचं नाही. तोंडाने काय करायचं ते करा, तोंडाला नियम नाही. जगात सिंफनीची ओळख सिंफनीशिवाय करून देणारा मी पहिलाच असेन.

सल्ल्यांना मात्र मंजुरी लागत नव्हती. काकू म्हणाल्या, मध्ये काहीतरी खायला ठेवा, म्हणजे निम्मे तरी थांबतील. समोरच्या दारातले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, ते म्हणाले, शेवटी लेखी परीक्षा ठेवा, त्याशिवाय कोणी लक्ष देत नाही. सचिव म्हणाले, खुर्च्या मोजून घ्या आणि मोजून द्या. ही म्हणाली, "थोडक्यात बोला हो." या सगळ्यांत तेवढा एकच सल्ला उपयोगाचा होता, म्हणून मी तो मानला नाही.

सभेला मी पन्नास खुर्च्या मांडल्या. माणसं आली सहा. त्यांत सचिव नियम पाळले जातात का ते बघायला आले होते. काकूंना खायला आहे असं कोणीतरी खोटंच सांगितलं होतं. ही शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली. टेपरेकॉर्डर मी टेबलावर ठेवला होता, न वाजवता, केवळ दर्शनासाठी. सचिवांनी त्याची वायर काढून स्वतःच्या खिशात घातली.

मी वाद्यवृंदाच्या उगमापासून सुरुवात केली. मग लाकडी वाद्यं, पितळी वाद्यं, त्यांच्या नळ्यांची लांबी. लांबीचा विषय आला की मी जरा वाहवतो, तो खात्याचा परिणाम. पाऊण तासाने मी पहिल्या सुरापाशी आलो आणि तो तोंडाने काढून दाखवला. व्हायोलिनं ठीक निघाली. पण कर्णे काढताना गाल फुगवावे लागतात, त्याच वेळी खालचे नगारे पायाने चालू ठेवावे लागतात आणि मधल्या बासरीला श्वास उरत नाही. मला ठसका लागला. मास्तरांनी पाठीत बुक्की घातली. काकूंनी विचारलं, "हे त्यातच आहे का?" मागच्या रांगेत ही रुमालात तोंड लपवून बसली होती. खांदे हलत होते. ती रडत असावी अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

संगीताचा मार्ग असा खुंटल्यावर माझ्याकडे शिष्टाचार उरला. मग मी तोच धरला. कारण डॉक्टरने आपल्या लोकांना सांगितलं होतं, "आवडलं की वाजवा टाळ्या, कोणी रागावणार नाही." इतका अडाणीपणा! मी टेबलावर हात आपटला. "सिंफनीचे भाग चार. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवणं म्हणजे दुसऱ्याचं वाक्य तोडणं! मोह होईल. शेजारचा माणूस टाळी वाजवेल. तरीही वाजवायची नाही. शेजारचा अडाणी आहे असं समजावं, त्याच्याकडे पाहू नये, आपले हात मांडीखाली घालून बसावं. चौथा भाग पूर्ण संपला, संचालक वळून वाकला, की मगच."

हे मात्र सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. मास्तरांनी तो नियम सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतला. माझे शिष्य तयार झाले. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. हिची खुर्ची रिकामी होती.

घरी विचारलं तर म्हणाली, "गव्हला आला होता हो. नळाचं सांगायला गेले." मग थोड्या वेळाने, "चांगलं बोललात. फक्त गाणं ऐकू आलं नाही."

रविवार उजाडला. नाट्यगृहात डॉक्टरची रांग मध्यभागी, पुढून पाचवी. सगळे नटूनथटून, एकमेकांच्या गुडघ्यांवर चार ठोके वाजवून हसताहेत. ही डॉक्टरच्या शेजारी. मी माझ्या शिष्यांसाठी काढलेली तिकिटं उजवीकडच्या कोपऱ्यातली होती. तिथून वाद्यवृंदाचा उजवा अर्धा भाग दिसत नव्हता, पण ही स्वच्छ दिसत होती. माझ्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला सचिव. काकू ऐनवेळी डॉक्टरच्या रांगेत गेल्या होत्या.

सुरुवात झाली. ते चार ठोके जेव्हा समोरून, खऱ्याखुऱ्या लाकडातून आणि तारांतून अंगावर आले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे मी नाकारत नाही. पण मी ऐकत नव्हतो. मी बघत होतो. डॉक्टर वाकून हिच्या कानात काहीतरी सांगे आणि ही मान डोलावी. माझ्या टेपवर जिथे मी रविवारी एकटाच मान डोलावतो, अगदी तिथेच! बावीस वर्षं मी ती जागा शेजारी रिकामी ठेवली होती. मी हातातल्या तिकिटाच्या बारीक बारीक घड्या घालत सुटलो. तो मत्सर होता. नाही कशाला म्हणू?

पहिला भाग संपला. डॉक्टरच्या रांगेने मनापासून टाळ्या पिटल्या. माझ्या शिष्यांचे हात मांडीखाली. मी त्यांच्याकडे अभिमानाने आणि त्या रांगेकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दुसऱ्या भागानंतरही तसंच. तिसरा भाग त्या अंधाऱ्या बोळातून चाचपडत चौथ्यात गेला, कर्णे उसळले, सगळं नाट्यगृह उजळल्यासारखं झालं. आता माझी वेळ जवळ येत होती. शेवट मला तोंडपाठ होता. मी ठरवलं, संचालक वळून वाकेल तोवर डॉक्टर टाळ्या सुरू करून मोकळा होईल. त्याच्या आधी, अचूक शेवटच्या सुरावर, सगळ्या नाट्यगृहात पहिली टाळी माझी पडली पाहिजे. हिला कळलं पाहिजे की शेवट कुणाला ठाऊक आहे.

तो सूर आला. दणदणीत, सगळ्या वाद्यांचा एकत्र. मी तो हजार वेळा ऐकला होता. त्यानंतर माझ्या टेपवर खट् होतं आणि बटण वर येतं.

मी ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि टाळ्या पिटत ओरडलो, "वाहवा! क्या बात है!"

संचालकाचा हात हवेतच होता. तो खाली आला आणि सिंफनी पुढे सुरू झाली.

माझी ती कॅसेट मला एका मित्राने त्याच्याकडच्या रेकॉर्डवरून भरून दिली होती. अर्ध्या तासाच्या बाजूवर मावलं तेवढं त्याने भरलं आणि फीत संपली. संपली ती अशा दणक्यावर, की कुणालाही वाटावं, झालं. बावीस वर्षं मी त्या सिंफनीचा शेवट ऐकलेलाच नव्हता, हे मला हजारेक माणसांसमोर उभ्याने कळलं. आणि तो शेवट संपता संपेना. आणखी वेगाने, आणखी जोराने, शेवटासारखा वाटणारा एक-एक दणका येत होता आणि त्यानंतर पुन्हा दुसरा. माझे हात वाजतच होते. थांबवावेत तर चूक कबूल केल्यासारखं, चालू ठेवावेत तर मागून लोक "शू! शू!" करताहेत.

मी आधारासाठी माझ्या शिष्यांकडे पाहिलं. सगळे ताठ बसले होते, हात मांडीखाली, नजर समोर. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मास्तर ओठ न हलवता म्हणाले, "शेजारचा अडाणी समजावा."

"अहो, मी आहे!" मी पुटपुटलो.

"नियम म्हणजे नियम," सचिव म्हणाले.

तेवढ्यात मला आणखी एक टाळी ऐकू आली. मध्यभागातून, पुढून पाचव्या रांगेतून. मी वळलो. त्या अख्ख्या रांगेत एकच बाई उभी होती आणि माझ्याकडे तोंड करून, वाद्यवृंदाकडे पाठ करून, जोरजोरात टाळ्या वाजवत होती. ती आमची ही होती. आम्ही दोघं त्या भरल्या नाट्यगृहात दोन जागी उभे राहून टाळ्या वाजवत राहिलो, आणि मग दोघंही एकाच वेळी खाली बसलो. खरा शेवट झाला तेव्हा सगळे उभे राहिले. मला तो नीट ऐकू आला नाही, कारण मी नाक पुसत होतो.

बाहेर पायऱ्यांवर डॉक्टर भेटला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमची दाद फार मनापासून होती." त्याच्या आवाजात चेष्टेचा लवलेश नव्हता, म्हणून तर मला तो आणखीच असह्य झाला. आम्ही घरी चालत निघालो. ऊन अजून होतं. दोन चौक ओलांडले.

"तुला वाटलं संपलं?" मी शेवटी विचारलं.

"छे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, शेवटी फसवाफसवी आहे, संपलं संपलं वाटतं आणि संपत नाही. मला ठाऊक होतं."

"मग उभी कशाला राहिलीस?"

"डॉक्टरांनी पण तेच विचारलं. माझ्या हाताला धरून म्हणाले, 'वहिनी, बसा, अजून बरंच आहे.' मी म्हटलं, ठाऊक आहे हो. पण तिकडे आमचे हे एकटे उभे आहेत."

मी चार पावलं पुढे गेलो. मग राहवेना म्हणून थांबलो.

"तू असं म्हणालीस तेव्हा डॉक्टरचं तोंड कसं झालं होतं?"

हिने रस्त्यातच थांबून ते करून दाखवलं. मी ते आणखी दोनदा करून दाखवायला लावलं.